जागतिक बँक चालवतं कोण?

वर्तमानपत्रात एक वाक्य आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत: ‘अमुक प्रकल्पाला जागतिक बँकेची मंजुरी.’ वाक्य साधं आहे, पण त्यात खरा कर्ता सापडत नाही. मंजुरी दिली म्हणजे नेमकी कुणी दिली? वॉशिंग्टनमधल्या एखाद्या अधिकाऱ्याने? अध्यक्षांनी? अमेरिकेने? की आपल्याच अर्थमंत्र्यांनी, कारण तेही त्या बँकेच्या गव्हर्नरांपैकी एक असतात? मागच्या व्याख्यानात आपण या बँकेकडे पैसा कुठून येतो ते पाहिलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे तरी याच एका प्रश्नाची वेगवेगळी रूपं होती, म्हणून आज तोच घेऊ.

विषय कोरडा वाटेल. पण ज्याचं घर धरणात गेलं किंवा दुकान रस्त्यात गेलं, त्या माणसाला तो कोरडा वाटत नाही. ‘हे ठरवलं कुणी?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. त्यावर सरकार बँकेच्या अटींकडे बोट दाखवतं आणि बँक सरकारकडे. महाराष्ट्रातल्या अशा दोन प्रकरणांपर्यंत आपण शेवटी येणार आहोत. त्याआधी या इमारतीचे मजले माहीत असायला हवेत.

मजले तसे आपल्या ओळखीचे आहेत. सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर सभासदांची सर्वसाधारण सभा, वर्षातून एकदा भरणारी. तिच्या खाली निवडून आलेलं संचालक मंडळ. त्याच्या खाली पगारी व्यवस्थापन, म्हणजे एमडी, शेतकी अधिकारी, लेखापाल वगैरे. जागतिक बँकेतही हेच तीन थर आहेत. सभासद म्हणजे १८९ देश. प्रत्येक देशाचा एक गव्हर्नर, बहुतेक वेळा अर्थमंत्री किंवा मध्यवर्ती बँकेचा प्रमुख. या सगळ्यांचं मिळून गव्हर्नर मंडळ बनतं. त्याची वार्षिक सभा दोन वर्षं वॉशिंग्टनमध्ये आणि तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एखाद्या देशात होते. नवा सभासद घेणं, भांडवल वाढवणं, नफ्याची वाटणी करणं, एवढे मोठे विषय गव्हर्नरांनी स्वतःकडे ठेवले आहेत. बाकी सगळे अधिकार त्यांनी खालच्या मंडळाला देऊन टाकले आहेत. हे खालचं मंडळ २५ जणांचं. त्यांना ‘कार्यकारी संचालक’ म्हणतात.

इथे थोडं थांबू, कारण या शब्दाने आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. आपल्या साखर कारखान्यात ‘कार्यकारी संचालक’ म्हणजे एमडी, पगारी कारभारी. जागतिक बँकेत मात्र ‘कार्यकारी संचालक’ म्हणजे सभासद देशांचा मंडळावरचा प्रतिनिधी. बँकेचा खरा कारभारी आहे तो अध्यक्ष. म्हणजे आपल्याकडे अध्यक्ष निवडून आलेला आणि कार्यकारी संचालक नेमलेला, तर तिथे जवळजवळ उलटं. बातम्या वाचताना हे लक्षात ठेवलं तर बरंच काही सोपं होतं.

दुसरा फरक मोठा आहे. सहकारात ज्याचा एक भाग त्यालाही एक मत आणि ज्याचे शंभर भाग त्यालाही एकच मत. जागतिक बँकेत प्रत्येक भागाला एक मत.

हे ठरलं जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, ब्रेटन वुड्सच्या माउंट वॉशिंग्टन हॉटेलात. ४४ देशांचे प्रतिनिधी तिथे जमले होते. भारत स्वतंत्र नव्हता, तरी त्याचं शिष्टमंडळ होतं. त्याचे प्रमुख होते ब्रिटिश अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन, आणि शिष्टमंडळात होते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. रायगडाजवळच्या नात्यात जन्मलेले हे गृहस्थ पुढे भारताचे अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला, ही कथा आपल्याला पाठ आहे. या नव्या बँकेच्या जन्माच्या वेळीही ते हजर होते, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

बँकेच्या भांडवलात कुणाचा किती वाटा यावरून तिथे बरीच ओढाताण झाली. शेवटी अमेरिकेकडे ३१७.५ कोटी डॉलरचे भाग आले, ब्रिटनकडे १३० कोटींचे, सोव्हिएत संघाकडे १२० कोटींचे, चीनकडे ६० कोटींचे, फ्रान्सकडे ४५ कोटींचे आणि भारताकडे ४० कोटींचे. पाच सर्वात मोठ्या भागधारकांना आपला संचालक थेट नेमता येणार होता, बाकीच्यांनी गट करून निवडून आणायचा. या हिशेबाने भारत सहावा, म्हणजे एका जागेने हुकलेला. पण सोव्हिएत संघाने करार पक्का केलाच नाही, आणि पाचवी खुर्ची आपोआप भारताकडे आली. स्वातंत्र्याच्या आधी मिळालेल्या या जागेचं श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. आमच्या मते बराचसा वाटा मॉस्कोचा आहे.

लहान देश अगदीच चिरडले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक सभासदाला २५० मूळ मतं देण्यात आली होती, भाग कितीही असोत. पण भांडवल वाढत गेलं तशी भागांची मतं वाढली आणि मूळ मतं २५०च राहिली. सुरुवातीला एकूण मतांत त्यांचा वाटा १० टक्क्यांच्या वर होता, तो घसरत ३ टक्क्यांच्याही खाली गेला. २००८ मध्ये सुधारणा ठरली, आणि आता मूळ मतं एकूण मतांच्या ५.५५ टक्के ठेवली जातात. ती सगळ्या देशांत सारखी वाटायची. म्हणजे ‘प्रत्येक देशाला समान मत’ या तत्त्वाची आजची किंमत साडेपाच टक्के.

अमेरिकेकडे आज १५ ते १६ टक्के मतं आहेत. जपान ७ टक्क्यांच्या आसपास, त्याच्या पाठोपाठ चीन, मग जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स. भारत ३ टक्क्यांच्या आसपास. १५ टक्क्यांत काय होतं, असं वाटेल. पण बँकेची सनद बदलायची तर सभासदांपैकी तीन-पंचमांश देश आणि ८५ टक्के मतं लागतात. १५ टक्क्यांहून थोडी अधिक मतं असलेला देश एकटा ‘नाही’ म्हणाला की विषय संपला. हा आकडा पूर्वी ८० टक्के होता. अमेरिकेचा वाटा २० टक्क्यांच्या खाली जायला लागला तेव्हा, १९८९ मध्ये, तो ८५ करण्यात आला. घरातला मोठा भाऊ उंचीने कमी पडायला लागला म्हणून दाराची चौकट खाली आणावी, तसा हा प्रकार.

आता २५ खुर्च्यांकडे येऊ. अमेरिका, जपान, चीन, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन अशा मोठ्यांची एकेक स्वतंत्र खुर्ची आहे. उरलेल्या खुर्च्यांवर गट बसतात. भारताच्या खुर्चीवरून बांगलादेश, भूतान आणि श्रीलंका यांचंही प्रतिनिधित्व होतं. आफ्रिकेतल्या काही गटांत तर वीसच्या वर देश आहेत. गटाची सगळी मतं एकगठ्ठा टाकावी लागतात. ती फोडता येत नाहीत. म्हणजे एखाद्या कर्जाबाबत ढाक्याचं मत दिल्लीपेक्षा वेगळं असेल, तर संचालक ते बोलून दाखवू शकतो, नोंदवू शकतो, पण मत एकच पडतं.

प्रत्यक्षात मतदान क्वचितच होतं. चर्चा होते, अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती सभेचा कल सांगते आणि विषय मंजूर होतो. ज्याचा विरोध असेल तो तसं नोंदवतो किंवा तटस्थ राहतो. कितीतरी कर्जं तर ‘कुणाची हरकत नाही’ या पद्धतीने, चर्चेशिवायच पुढे जातात.

हे संचालक वॉशिंग्टनमध्ये राहतात, बँकेच्याच इमारतीत बसतात आणि बँकेकडूनच पगार घेतात. असं का, याला एक इतिहास आहे. मार्च १९४६ मध्ये सव्हाना इथे पहिली बैठक झाली तेव्हा ब्रिटनचे केन्स यांचं म्हणणं होतं की संचालक आपापल्या देशात काम करणारे, अधूनमधून येणारे असावेत, आणि बँक न्यू यॉर्कला असावी, वॉशिंग्टनच्या राजकारणापासून लांब. अमेरिकेला दोन्ही नको होतं. अमेरिकेचंच झालं. पुढच्याच महिन्यात केन्स गेले.

त्याचा परिणाम लगेच दिसला. बँक जून १९४६ मध्ये सुरू झाली. पहिले अध्यक्ष होते युजीन मेयर, ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे मालक, सत्तरीला आलेले. आणि समोर बारा पूर्णवेळ संचालक, ज्यांच्याकडे करायला काम नव्हतं, कारण अजून एकही कर्ज दिलेलं नव्हतं. रिकाम्या वेळात त्यांनी बँक चालवायला घेतली. अमेरिकेचे संचालक एमिलिओ कोलाडो तरुण आणि उत्साही होते. चिलीला लवकर कर्ज द्यावं यासाठी त्यांचा आग्रह. मेयर यांना घाई नको होती. सनद काढून बघावी तर तिथेही गोंधळ: एका कलमात लिहिलंय की बँकेच्या सर्वसाधारण कामकाजाची जबाबदारी संचालकांची, आणि दुसऱ्यात लिहिलंय की नेहमीचं कामकाज अध्यक्ष चालवेल, संचालकांच्या निर्देशाखाली. सर्वसाधारण कुठे संपतं आणि नेहमीचं कुठे सुरू होतं, हे कोण सांगणार? डिसेंबरमध्ये मेयर यांनी राजीनामा दिला. सहा महिन्यांत पहिला अध्यक्ष गेला.

त्यानंतर जवळपास तीन महिने ती जागा रिकामी होती. कुणी यायला तयार नव्हतं. वॉल स्ट्रीटचे वकील जॉन मॅक्लॉय यांनाही विचारलं, तर त्यांनी आधी नकारच दिला. मग अटी घातल्या. कारभार व्यवस्थापन करील, संचालकांनी त्यात हात घालायचा नाही, आणि अमेरिकेचे संचालक कोलाडो यांनी जायचं. त्यांच्या जागी युजीन ब्लॅक आले, जे पुढे स्वतः अध्यक्ष होऊन तेरा वर्षं राहिले. मॅक्लॉय यांची बाजूही समजून घ्या. बँकेला रोखे विकून पैसा उभा करायचा होता. कर्जं राजकीय दबावाखाली वाटली जातात असा वास जरी आला असता, तरी न्यू यॉर्कच्या बाजाराने ते रोखे घेतले नसते. मे १९४७ मध्ये फ्रान्सला २५ कोटी डॉलरचं पहिलं कर्ज दिलं गेलं आणि जुलैमध्ये तेवढ्याच रकमेचे पहिले रोखे विकले गेले.

सनदेचा एक शब्दही न बदलता त्या वेळी जे ठरलं, ते आजही चालू आहे: कोणतंही कर्ज अध्यक्षांच्या शिफारशीशिवाय मंडळापुढे येत नाही. संचालक ‘हो’ म्हणू शकतात, ‘नाही’ म्हणू शकतात, शंका काढू शकतात. पण कर्ज सुचवणं, आखणं, तपासणं, त्याचा अहवाल लिहिणं हे सगळं व्यवस्थापनाचं. आमच्या मते जागतिक बँक समजून घेताना मतांच्या टक्केवारीपेक्षाही ही रेघ महत्त्वाची आहे. टक्केवारीवर सगळे बोलतात, या रेघेवर फारसं कुणी नाही.

इथे एक प्रश्न आलाय, तो आत्ताच घेतो. ‘अध्यक्ष अजय बंगा पुण्याचे आहेत, तर त्याचा भारताला काही फायदा?’ बंगा यांचा जन्म खडकीचा, हे खरं. पण ते अमेरिकेचे नागरिक आहेत आणि त्यांचं नाव अमेरिकेने सुचवलं. आतापर्यंतचे चौदाही अध्यक्ष अमेरिकी नागरिक आहेत. सनदेत असं कुठेही लिहिलेलं नाही. निवड कार्यकारी संचालक साध्या बहुमताने करतात. पण तिकडे नाणेनिधीचा प्रमुख युरोपचा आणि इकडे बँकेचा अध्यक्ष अमेरिकेचा, ही जुनी समजूत टिकून आहे. २०१२ मध्ये पहिल्यांदा खरी लढत झाली: अमेरिकेचे जिम याँग किम आणि नायजेरियाच्या अर्थमंत्री एन्गोझी ओकोंजो-इवेला. किम निवडून आले. २०२३ मध्ये बंगा यांच्यासमोर दुसरा उमेदवारच नव्हता. अध्यक्ष मंडळाच्या सभा चालवतात, पण समान मतं पडली तरच त्यांना मत असतं. भारतासाठी म्हणून त्यांना काही करता येणार नाही, करूही नये.

मंडळाचा अध्यक्षावर काहीच वचक नाही, असंही नाही. २००७ मध्ये पॉल वुल्फोविट्झ यांनी आपल्या निकटच्या महिला कर्मचारीला दिलेल्या पगारवाढीचं प्रकरण बाहेर आलं, संचालकांच्या गटाने चौकशी केली आणि त्यांना मुदतीआधी जावं लागलं. माणूस काढणं मंडळाला जमतं. कागद उलटून पाहणं मात्र अवघड जातं.

पुढे निघालेल्या काही बँकांनी यातून वेगळे धडे घेतले. मनिलाची आशियाई विकास बँक बरीचशी याच साच्यातली. तिथे अध्यक्ष नेहमी जपानी असतो एवढाच फरक. पण बीजिंगची आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक आणि शांघायची ब्रिक्स देशांची नवी विकास बँक, या दोन्ही ठिकाणी संचालक मुख्यालयात राहत नाहीत. केन्स यांची हरलेली सूचना सत्तर वर्षांनी चीनमध्ये अमलात आली, म्हणा ना. ब्रिक्सच्या बँकेत तर पाच संस्थापकांनी समान भाग घेतले. त्याने कारभार जास्त खुला होतो का, यावर आमचा अजून विश्वास बसलेला नाही. संचालक लांब असेल तर व्यवस्थापन आणखी मोकळं होतं.

परत आपल्या रेघेकडे. एखादं कर्ज प्रत्यक्षात कसं जातं ते बघू. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना ‘पोकरा’ माहीत आहे, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. त्यासाठी २०१८ मध्ये बँकेने ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. राज्य सरकारला बँकेकडे थेट जाता येत नाही. प्रस्ताव आधी दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो. तो बँकेकडे गेला की बँकेत एक प्रकल्प-प्रमुख आणि त्याची टीम नेमली जाते. संकल्पना-टिपण, पूर्वतयारी, मूल्यमापन, मग वाटाघाटी. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. कर्जाचा करार केंद्र सरकारशी, प्रकल्पाचा करार राज्याशी. या सगळ्याच्या शेवटी फाइल संचालकांपुढे येते. तोवर सरकारची पथकं येऊन गेलेली असतात, अटी ठरलेल्या असतात, वाटाघाटींवर सह्या झालेल्या असतात. अशा फाइलला मंडळाने नकार देणं अत्यंत दुर्मीळ. आणि त्या फाइलमध्ये गावाबद्दल जे लिहिलंय, ते ज्या टीमने प्रकल्प उभा केला तिनेच लिहिलेलं असतं.

आता मणिबेली. नर्मदेच्या काठचं, सरदार सरोवराच्या बुडितातलं महाराष्ट्राच्या बाजूचं पहिलं गाव. आज नंदुरबार जिल्ह्यात, तेव्हा धुळे जिल्ह्यात. १९८५ मध्ये बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचा करार केला. विस्थापितांचं पुनर्वसन कसं करायचं याचे नियम बँकेकडे तेव्हाही होते. पण किती गावं, किती माणसं, त्यांची जमीन कोणत्या नावावर, याचा नीट हिशेब न होताच मंजुरी मिळाली होती. डोंगरातल्या आदिवासी कुटुंबांकडे सात-बारा नव्हता, म्हणजे कागदावर ती कुटुंबं जवळजवळ नव्हतीच. नर्मदा बचाव आंदोलन उभं राहिलं, वॉशिंग्टनपर्यंत आवाज गेला, आणि १९९१ मध्ये बँकेने आपल्या इतिहासात पहिल्यांदाच एका चालू प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी लावली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स आणि कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर गावोगाव फिरले. जून १९९२ मध्ये त्यांचा अहवाल आला: पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींत बँकेने स्वतःचेच नियम पाळलेले नाहीत, बँकेने मागे हटून फेरविचार करावा.

त्यानंतर जे झालं ते आजच्या विषयाचा गाभा आहे. व्यवस्थापनाने त्या अहवालावर आपलं टिपण तयार केलं आणि प्रकल्प चालू ठेवण्याची शिफारस मंडळाकडे पाठवली. ते टिपण वाचून मोर्स आणि बर्जर यांनी अध्यक्ष लुईस प्रेस्टन यांना पत्र लिहिलं की आमचे निष्कर्ष यात चुकीचे मांडलेत. विचार करा, बाहेरचे लोक बोलावून चौकशी करून घेतली, तरी मंडळापुढे मुख्य टिपण आलं ते ज्यांची चौकशी झाली त्यांनीच लिहिलेलं.

ऑक्टोबर १९९२ मध्ये मंडळ बसलं. अमेरिका, जर्मनी, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नॉर्डिक देशांच्या संचालकांनी प्रकल्प थांबवण्याच्या बाजूने भूमिका घेतली. त्यांची मतं मिळून ४० टक्क्यांहून अधिक होती, पण बहुमत नव्हतं. सहा महिन्यांत काही अटी पूर्ण करायच्या या बोलीवर प्रकल्प पुढे गेला. आणि भारताची खुर्ची? ती अर्थातच प्रकल्पाच्या बाजूने होती. तिथे बसणारा माणूस भारत सरकारचा, मणिबेलीचा नव्हे. सभासद देश आहेत, माणसं नाहीत. त्यामुळे त्या टेबलावर मणिबेलीच्या बाजूने हात वर केले ते श्रीमंत देशांच्या संचालकांनी, ज्यांच्या जादा मतांवर आपण मघाशी तक्रार केली. ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या लोकांना अडचणीची वाटते, म्हणून सहसा सांगितली जात नाही. मतांची वाटणी न्याय्य केली की गावाचं म्हणणं आपोआप वर पोहोचेल, असं नसतं.

मार्च १९९३ च्या अखेरीस भारत सरकारने कळवलं की उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर आम्हाला नकोत. धरण पुढे देशाच्याच पैशाने बांधलं गेलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. म्हणजे बँक गेली, प्रकल्प थांबला नाही. त्याच १९९२ मध्ये बँकेच्या अंतर्गत समितीचा, म्हणजे वापेनहान्स समितीचा अहवाल आला होता. नुकत्याच पूर्ण झालेल्या प्रकल्पांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक असमाधानकारक, आणि त्याचं एक मोठं कारण, बँकेत माणसाची किंमत कर्ज मंजूर करून घेण्यावर ठरते, ते पुढे कसं चाललं यावर नाही. नर्मदा हा अपवाद होता, असं म्हणायची सोय त्यामुळे उरली नाही.

संचालकांना कळून चुकलं होतं की खालच्या मजल्यावरून येणाऱ्या कागदाखेरीज आपल्याकडे दुसरा डोळा नाही. २२ सप्टेंबर १९९३ ला त्यांनी ठराव करून इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केलं. तीन सदस्य, पाच वर्षांची एकच मुदत, आणि मुदत संपल्यावर बँकेत पुन्हा कधीही नोकरी करायची नाही. हे पॅनेल अध्यक्षांना नाही, थेट मंडळाला उत्तरदायी. पहिली तक्रार नेपाळच्या अरुण धरणाबद्दल आली, आणि १९९५ मध्ये नवे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी बँकेला त्यातून बाहेर काढलं.

मुंबईत हे पॅनेल आलं ते एमयूटीपीच्या निमित्ताने, म्हणजे मुंबई नागरी परिवहन प्रकल्प. २००२ मध्ये बँकेने त्यासाठी ५४.२ कोटी डॉलर मंजूर केले होते. रेल्वेमार्ग आणि रस्त्यांसाठी सुमारे १,२०,००० माणसं हलवायची होती. २००४ मध्ये एकामागून एक तक्रारी गेल्या, त्यातली पहिली दुकानदारांची. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या वाटेत त्यांची दुकानं येत होती. घराला घर मिळतं, पण धंद्याला काय? पंचवीस वर्षांत बांधलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या उपनगरातल्या इमारतीच्या मागच्या गाळ्यात येत नाही. पॅनेलने येऊन पाहणी केली आणि डिसेंबर २००५ मध्ये अहवाल दिला: विस्थापितांची संख्या, दुकानदारांचं उत्पन्न, तक्रार ऐकण्याची व्यवस्था, यांत बँकेच्या व्यवस्थापनाने आपलीच धोरणं पाळलेली नाहीत. १ मार्च २००६ पासून बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांसाठीचा पैसा थांबवला. राज्य सरकारने काही सुधारणा केल्यावर जून अखेरीस तो पुन्हा सुरू झाला. चार महिने.

यात पॅनेलची मर्यादाही दिसते. ते सरकारची चौकशी करत नाही, फक्त बँकेची करतं. ते नुकसानभरपाईचा हुकूम देऊ शकत नाही. अहवालानंतरचा कृती-आराखडा पुन्हा व्यवस्थापनच लिहितं, मंडळ तो मंजूर करतं. मॅक्लॉय यांनी आखलेली रेघ आहे तिथेच आहे; तिच्यात एक खिडकी पाडली गेली, एवढंच. पण पैसा थांबला की मंत्रालयात फोन वाजतात, आणि दोन वर्षं न मिळालेली भेट आठवड्यात मिळते.

शेवटचा प्रश्न: ‘अशी तक्रार करायला वकील लागतो का? खर्च किती?’ वकील लागत नाही, शुल्क नाही. बाधित भागातली दोन किंवा अधिक माणसं मिळून तक्रार करू शकतात, नावं गुप्त ठेवा असं सांगू शकतात. आधी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे म्हणणं मांडलेलं असावं लागतं, म्हणून दिल्लीच्या कार्यालयाला पाठवलेल्या पत्राची प्रत आणि पोच जपून ठेवा. २०२० मध्ये नियम बदलले, तेव्हापासून कर्ज बंद झाल्यावरही पंधरा महिन्यांपर्यंत तक्रार घेतली जाते, आणि चौकशीऐवजी समेटाचा मार्गही निवडता येतो. कर्ज खासगी कंपनीला दिलेलं असेल तर ते बँक समूहाच्या दुसऱ्या संस्थेचं असतं, आणि त्यासाठी वेगळं तक्रार कार्यालय आहे. अर्ज चुकीच्या दारात टाकू नका. पत्रात प्रकल्पाचं नाव, आपलं नुकसान काय झालं आणि कुणाला कधी सांगितलं, एवढं लिहिलं तरी चालतं. आणि हो, ते मराठीत लिहिलेलं चालतं.